दोघांत एकच जोड

बूटवालीच्या दुकानात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाची हमखास फजिती होते. दुकान बेकरीच्या मागच्या खोलीत. दारात पाऊल टाकलं की एका नाकपुडीत ताजा पाव शिरतो आणि दुसरीत चामडं, मेण आणि खळ. आपल्याला भूक लागलीय की मळमळतंय, हेच बिचाऱ्याला कळत नाही. तो तसाच उभा राहतो आणि बूटवाली मान वर न करता म्हणते, "डावा पाय पुढं करा. डावा, डावा! स्वतःचा डावा पाय माहीत नाही होय?"

तोंडाची फटकळ आहे ती, यात काही वाद नाही. माणसाचा चेहरा ती शेवटी बघते. चेहरा काय, आरशात बघून कोणीही नीट करून येतो. टाचेकडे कोण बघतं? एकदा एक गृहस्थ तिला लग्नाचं विचारायला आले. चांगले भांगबिंग पाडून आले होते. हिनं त्यांना आधी बूट काढायला लावले, उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "तुम्ही दार लाथेनं उघडता. पुढचं चामडं बघा कसं सोललंय." गृहस्थ बूट हातात घेऊनच घरी गेले. पुढं त्यांनी दुसरीकडं लग्न केलं आणि त्या घराचं दार वर्षात दोनदा बदललं, असं म्हणतात. खरं-खोटं तेच जाणोत.

पण गावाला तिची गरज आहे ती फटकळपणासाठी नव्हे. बूटवालीनं शिवलेला बूट माणसाला घरी आणतो. जादू म्हणा हवं तर. ती म्हणत नाही, ती त्याला 'काम' म्हणते. तुम्ही आपल्या उंबऱ्यापाशी चिमूटभर माती उकरायची, कागदाच्या पुडीत बांधून तिला द्यायची. ती माती आतल्या तळव्याखाली जाते, वरून टाका बसतो. मग तुम्ही कुठंही असा, नुसतं "चला घरी" म्हणायचं. बूट वळतात आणि चालू लागतात. तुम्ही फक्त वर उभं राहायचं. गुत्त्यात बसलेले नवरे या बुटांना मनापासून शिव्या घालतात. गप्पांच्या नादात कोणाच्या तोंडून चुकून "चला घरी" निघालं की संपलं. हातात भरलेला पेला घेऊन स्वारी रस्त्याला लागते आणि दारात बायको उभीच असते.

हे सगळं कशासाठी, तर जंगलासाठी.

गावाच्या पाठीला जंगल चिकटून आहे आणि त्याच्याशिवाय गावाचं पान हलत नाही. सरपण तिथलं, मध तिथला, डिंक तिथला, कातडं कमवायला लागणारी साल तिथली. आणि जंगलाचा स्वभाव असा की ते अंगावर येत नाही. डरकाळ्या नाहीत, चमकणारे डोळे नाहीत, काही नाही. उलट फार अगत्य! ते तुमची वाट हळूच वळवतं. चालून चालून तुम्हाला दमवतं. मग एक छान गार जागा पुढं करतं, मऊ पाचोळा अंथरलेली. माणूस म्हणतो, बसू घटकाभर. म्हणतो, पाय मोकळे करू. बूट काढतो, तळवे मातीला टेकवतो, आणि तिथंच संपतो. तळव्यांतून पांढरी मुळं खाली जातात. दुखत नाही म्हणे. पुढच्या हंगामात तिथं एक नवं झाड असतं आणि ते झाड उभं राहतं त्या माणसासारखंच. म्हणून इथले लाकूडतोडे कुऱ्हाड उचलण्याआधी झाडाकडं नीट निरखून बघतात. कमरेवर हात ठेवल्यासारखं दिसलं, पोक काढल्यासारखं दिसलं की कुऱ्हाड खाली आणि टोपी हातात.

बूटवालीचे वडील असेच गेले. तेही चांभारकामच करायचे. सालीसाठी आत गेले तेव्हा ती दुकानात टाके घालायला शिकत होती आणि धाकटा भाऊ भिंतीला धरून उभा राहायला. तिच्या हातात काही वेगळं आहे, हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं. कळलं ते नंतर, वडिलांना उपयोग नसताना. आईही मग फार काळ टिकली नाही. घर, दुकान आणि भाऊ असं सगळं एका पोरीच्या गळ्यात पडलं आणि तिनं ते कुरकुर न करता उचललं. कुरकुर न करता म्हणजे काय, दिवसभर कुरकुर करत, पण उचललं.

आता भाऊ. गाव त्याला भोंगा म्हणतं. या भोंग्यानं एखाद्या गोष्टीला हाक मारली आणि ती हाक तिच्या कानावर गेली की ती गोष्ट येतेच. कान असोत वा नसोत! हरवलेल्या कोंबड्या यायच्या, चुकलेल्या शेळ्या यायच्या. शेजारच्या आजोबांची कवळी हरवली होती, ती भर दुपारी रस्त्यावरून टकटक करत आली आणि दोन कुत्री घाबरून पळाली. आणि स्वारी आळशी इतकी, की सकाळी पांघरुणातूनच पुटपुटायची, "ये रे तांब्या." तांब्या निम्मं पाणी वाटेत सांडत यायचा. ते पुसायचं कोणी? ताईनं.

"तुला हात दिलेत देवानं!" ती ओरडायची.

"तोंड पण दिलंय, ताई."

एका जागी मात्र त्याची हाक चालायची नाही. लहानपणी तो परड्यात उभा राहून जंगलाकडं तोंड करून वडिलांना हाका मारायचा, घसा बसेपर्यंत. बाहेरून मारलेली हाक पहिल्या झाडांनाच आपटून परत यायची. ताई त्याला उचलून आत आणायची आणि बाबांच्या गोष्टी सांगायची. बाबा कसे हसायचे, गिऱ्हाईक बोलत असताना मान कशी एका खांद्यावर टाकायचे, आरी कशी कानामागं खोचायचे. भोंग्याला वडील आठवत नव्हते. त्याच्याकडं होते ते ताईनं सांगितलेले वडील.

तो अठराचा झाला तेव्हा ताईनं त्याला नवे बूट शिवले. उत्तम चामडं, दुहेरी टाका, घोट्यापाशी मऊ पट्टी. उरलेल्या चामड्यात स्वतःसाठीही एक जोड उरकला. आणि इथं तिनं एक चूक केली. तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक होणंच शक्य नव्हतं. गिऱ्हाइकानं आणलेली माती ती हुंगून, चिवडून, उन्हात धरून घ्यायची. "ही अंगणातली आहे, उंबऱ्याची नाही, परत जा," असं म्हणून लोकांना हाकलायची. आता स्वतःच्या घराची माती कोण चिवडत बसतं? तेव्हा दुकान घरातच होतं आणि पुढच्या दारात गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून मागच्या दारी गेली, पायरीजवळची चिमूट उचलली, आत टाकली, टाका घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा नवे बूट घालून शाळेतल्या बाईंच्या चपला पोचवायला गेला. दहा वेळा खाली बघत, करकर वाजवत. दुपारच्या जेवणाला आला नाही. आला नाही म्हणजे कुठंतरी गप्पा छाटत असणार, असं म्हणून ताईनं त्याचं ताट झाकून ठेवलं. एवढ्यात दूधवाली मावशी धापा टाकत आली.

"अगं, तुझा भाऊ जंगलात का गेलाय? मी हाका मारल्या तर म्हणतो, 'मावशी, मी नाही जात, बूट जातायत!' मला वाटलं थट्टा करतोय मेला!"

ताई जागची उठली, मागच्या दारी धावली आणि पायरीचा दगड उचकटला. खाली माती कमी आणि मुळंच जास्त. बारीक, पांढरी, शेवयांसारखी, जंगलाकडून आलेली. परड्याखालून, मोरीखालून, थेट चुलीपर्यंत. जंगल वर्षानुवर्षं जमिनीखालून हिच्या घरात येऊन बसलं होतं आणि हिला पत्ता नव्हता. तिनं खात्री करायला आपले नवे बूट पायात घातले आणि हळूच म्हणाली, "चला घरी." घरातच उभी होती ती! तरी बूट वळले आणि परड्यातून जंगलाकडं निघाले. तिनं पेरूच्या झाडाला मिठी मारली आणि कसेबसे ते पायांतून सोडवले. बूट तसेच रिकामे चालत कुंपणाखालून गेले.

भोंग्यानं बाईंच्या चपला दिल्या असतील, "चला घरी" म्हटलं असेल, आणि बुटांनी आपलं काम चोख केलं असेल. तिनं शिवलेले बूट होते ना. तो दमला, बसला आणि तळवे टेकले तर संपलं. आणि त्याला घरी आणू शकेल असा एकही बूट तिच्याजवळ नव्हता. घरच जंगलाचं झालं होतं.

पण रडत बसणारी बाई नव्हे ती. दुकानात नजर फिरवली. फळीवर तयार असा एकच जोड होता, बेकरीवाले काकांचा, नवे तळवे लावलेला. काकांचं घर गावाच्या मधोमध, माती तिनंच चिवडून घेतलेली, भाजलेल्या पिठाचा वास येणारी. बूट होडीएवढे. तिनं दोन्हींत चिंध्या कोंबल्या, पाय घातले, चामडं कापायची रापी कमरेला खोचली आणि फताड फताड करत निघाली. मागून दूधवाली मावशी ओरडत होती, "अगं एकटी कुठं?" पण दोघींना पुरतील असे बूट कुठून आणायचे? ती एकटीच आत शिरली.

आत गेल्यागेल्या जंगलानं आदरातिथ्य सुरू केलं. वाट रुंद झाली. वारा सुटला. एक ओंडका तर चक्क बाकासारखा पुढं आला. "नको, आत्ताच बसून आलेय," ती त्याला म्हणाली आणि तशीच पुढं गेली. वाट डावीकडं वळली, परत डावीकडं वळली, आणि भोंगा कुठं असेल याचा तिला काहीच अंदाज येईना. तेवढ्यात लांबून हाक आली.

"ता-ई!"

झालं. ती हाक भोंग्याची होती, तिला यावंच लागलं. पाय आपोआप पळायला लागले, वाट सोडून, काट्यांतून, सरळ. जंगलानं वाट कितीही वळवली तरी हाकेपुढं त्याचं चालेना. फांद्यांनी तिचे केस ओढले, बाही फाडली, आणि ती एका मोकळ्या जागेत येऊन थडकली.

मोकळी कसली, गच्च भरलेली जागा. मधे भोंगा उभा होता. त्याच्याभोवती दाटीवाटीनं झाडं उभी होती आणि प्रत्येक झाडामागं ताजी उकरलेली माती होती, नांगर फिरवल्यासारखी. घाबरून त्यानं आधी हाक मारली होती, "कोणी आहे का? या ना!" आणि जे कोणी होते ते मुळं उपटून आले होते. वाकलेले, पोक काढलेले, कमरेवर हात ठेवलेले. येऊन त्याच्याभोवती उभे राहिले होते. त्यांना आणखी काय करता येणार?

"ताई, उभ्या उभ्या झोप येतेय गं," भोंगा म्हणाला. तो छान हसत होता. तिनं खाली वाकून बघितलं. त्याच्या बुटांचे तळवे फाटले होते आणि त्यांतून मुळं जमिनीत गेली होती. बुटांची होती की त्याची, सांगता येत नव्हतं.

"झोप घरी काढ," ती म्हणाली आणि रापी काढली.

आयुष्यात शिवलेला सगळ्यात देखणा जोड तिनं उभा चिरला. चामडं सोललं, टाके तोडले, आणि मग त्याच्या तळव्यांना लागलेले पांढरे धागे एकेक करून कापले. पहिल्या धाग्याला तो गप्प होता. दुसऱ्याला "आई गं" म्हणाला. पुढं त्यानं असं भोकाड पसरलं की पाखरं उडाली. बूटवालीला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. ओरडतोय म्हणजे आहे अजून.

"पाय टेकवू नकोस! माझ्या पायावर उभा राहा!" तिनं उजवा बूट काढून त्याच्या पायात कोंबला. आता दोघांना एकेक बूट आणि एकेक पाय अधांतरी. "लंगडी येते ना? लहानपणी मला हरवायचास. चल, धर खांदा."

त्यानं खांदा धरला. पण निघेना. तो समोरच्या झाडाकडं बघत होता.

बारीकच झाड होतं. एका अंगाला कललेलं, शेंडा एका खांदीवर टाकलेला, कोणाचं तरी बोलणं ऐकावं तसा. बुंध्याच्या वरच्या बाजूला एक सरळ, टोकदार काडी फुटली होती, बरोब्बर कानामागं फुटावी तशी.

बूटवाली त्याला ओढायला लागली.

"ताई," भोंगा म्हणाला. "हे बाबा आहेत?"

काय सांगणार? हो म्हटलं तर हा हाक मारणार. हाक मारली तर ते येणार. आत्ताच नाही का सगळे आले? आणि मग तिघं आणि बूट दोन. कोणाचा तरी पाय उघडा जमिनीला लागणार, आणि तो कोणाचा असेल हे तिला चांगलं ठाऊक होतं. बाबांना बाहेर काढायला हा आपला बूट काढून देणार. त्याच्या जागी तीही तेच करती. तिनं त्या झाडाकडं एकदा डोळे भरून बघितलं. एवढी वर्षं तिला एकदा, फक्त एकदा त्यांना म्हणायचं होतं, बघा बाबा, टाका कसा सरळ येतो माझा.

"नाही," ती म्हणाली. "बाबा उंच होते. चल."

वळताना त्यानं मान मागं करून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटलं. तिला वाटलं, आपल्यालाच शिव्या घालतोय. घालू दे.

"चला घरी!" ती ओरडली.

काकांचे बूट भक्कम गडी निघाले. दोघांच्या दोन पायांत विभागले गेले तरी त्यांना एकमेकांना सोडवेना. डावा उडाला की उजवा उडायचा, आणि वर ही दोन भावंडं एकमेकांच्या गळ्यात पडून ठेचकाळत, आदळत, "अरे हळू", "तू हळू", "पाय वर, पाय वर" करत चाललेली. जंगलानं काय काय केलं! मऊ गवत घातलं. पाणी खळखळवलं. शेवटी संतापून एक मूळ आडवं टाकलं आणि भोंगा धडपडला. त्याला सावरताना ताईचा उघडा पाय जमिनीला लागला, क्षणभरच. पण तेवढं पुरलं. दोन बोटं धरली गेली. तिनं इकडंतिकडं बघितलं नाही, रापी फिरवली आणि पुढची उडी मारली. बोटं तिथं राहिली. अजून असतील, दोन छोटी रोपटी, जरा फटकळ वाढणारी.

बेकरीवाले काका जेवायला बसले होते. दार धाडकन उघडलं आणि पाला, माती, रक्त आणि काटे असं सगळं लेवून दोन माणसं लंगडी घालत आत आली आणि चुलीपाशी कोसळली.

काकांनी आधी त्यांच्या पायांकडं बघितलं. "हे तर माझे बूट!" ते म्हणाले. "आणि हे काय, एकेक घालून आलात? अगं, नवे तळवे लावले होतेस ना, काय अवतार केलास त्यांचा!" असं म्हणतच त्यांनी पाणी गरम केलं, तिच्या पायाला फडकं बांधलं आणि दोघांच्या पुढं पाव ठेवला. बडबड चालूच. माणूस चांगला, पण बुटांवर फार जीव. जुन्या घरी परत जाणं आता नव्हतंच; मागची खोली रिकामी आहे, तिथं राहा, हेही त्यांनी त्याच बडबडीत सांगून टाकलं.

पाव हातात घेऊन बूटवाली बसून राहिली. भाऊ समोर होता, जिवंत, तळव्यांना तूप चोळत, तोंड भरून खात. तिला तेच हवं होतं. तरी पाव हातातच राहिला.

"एक सांगू?" ती शेवटी म्हणाली. "तुला राग येईल. येऊ दे. ते बाबाच होते. मी खोटं बोलले."

भोंग्यानं चावणं थांबवलं.

"माहितीये," तो म्हणाला. "तू खोटं बोलताना नाक ओढतेस."

"मग?"

"मग मी हाक मारली ना. निघताना. 'बाबा, तुम्ही पण या ना' म्हटलं." त्यानं पावाचा तुकडा खाली ठेवला. "ऐकलं त्यांनी. शेंडा हलला, मी बघितला. पहिल्या हाकेला मुळं उपटून आले होते गं, मी अडकलोय म्हणून. या हाकेला नाही आले. माझ्या हाकेला कोणी नाही म्हटलंय असं कधी झालंय का? त्यांनी आपले पाय बघितले असणार, ताई. आपण दोघं, आणि बूट एक जोड."

बूटवालीनं भोकाड पसरलं. वडील गेले तेव्हा नाही, आई गेली तेव्हा नाही, बोटं कापली तेव्हाही रडली नाही, ते सगळं त्या दुपारी काकांच्या चुलीपुढं बाहेर आलं. भोंगा तिला बिलगला आणि तोही रडायला लागला. काकांना काय कळणार? त्यांना वाटलं, आपण बुटांवरून बोललो म्हणून पोरं रडतायत. ते बिचारे हातातला चमचा घेऊन दोघांच्या भोवती फिरत राहिले आणि सारखे म्हणत राहिले, "अगं राहू दे गं, असू दे. बुटांचं काय एवढं? बूट काय, परत शिवता येतात."